अंगणातील झेंडू : इतिहास, शास्त्र आणि लागवड

झेंडू हे आपल्या इतक्या परिचयाचे फूल आहे की, तो अभ्यासाचा विषय होऊ शकतो हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. दाराचे तोरण, लग्नाचा मांडव, महामानवांच्या प्रतिमेस अर्पण केलेला हार, अशोक विजयादशमीच्या सुमारास रस्त्याच्या कडेला लागलेले केशरी-पिवळे ढीग, या सर्व ठिकाणी तो असतो. परंतु अतिपरिचयामुळे वस्तूविषयीची जिज्ञासा मावळते. हे फूल कोठून आले, कोणी वाढविले, ते कसे फुलते आणि आपल्या घरी ते कसे घेता येईल, हे चार प्रश्न विचारले तर इतिहास, वनस्पतिशास्त्र, गणित आणि श्रम या चारही विषयांचा धडा एकाच रोपावर शिकता येतो. माजी विद्यार्थी, पालक आणि हितचिंतक यांच्यासमोर तो धडा मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

१. फुलाचे मूळ घर

झेंडू अनादि काळापासून आपल्याच मातीतला आहे, असा बहुतेकांचा समज असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. आपण लावतो त्या झेंडूच्या दोन्ही प्रमुख जाती मूळच्या मेक्सिको आणि त्यालगतच्या मध्य अमेरिकेतील आहेत. इ. स. १४९२ मध्ये कोलंबस अमेरिकेच्या बेटांवर पोचला. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला आला. १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतले. अमेरिका, युरोप आणि भारत यांना जोडणारे सागरी मार्ग खुले झाल्यानंतरच मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, भुईमूग, पेरू, काजू ही पिके आपल्याकडे आली. झेंडूही याच वाटेने, पोर्तुगीज व्यापाराच्या द्वारे आला असे मानले जाते. म्हणजे भारतातील त्याचे वय फार तर पाचशे वर्षांचे आहे. सांची, भारहुत किंवा अजिंठा येथील शिल्पांत आणि चित्रांत कमळ ठायी ठायी दिसते. त्या काळच्या उपासकाच्या ओंजळीत कमळ असू शकत होते, झेंडू असू शकत नव्हता.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे क्षणभर थांबावे. 'पूर्वीपासून चालत आले आहे' असे आपण एखाद्या गोष्टीविषयी म्हणतो, तेव्हा 'पूर्वी' म्हणजे केव्हा, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. मिरचीवाचून ज्याचे जेवण होत नाही आणि झेंडूवाचून ज्याचा सण होत नाही, त्या समाजाने या दोन्ही गोष्टी तुलनेने अलीकडे स्वीकारल्या आहेत. यात कमीपणा काहीच नाही. परंपरा ही माणसांनी घडविलेली असते, ती बदलते आणि नव्याचा स्वीकारही करते, याचा हा हातात धरता येईल असा पुरावा आहे.

२. नाव कोणाचे?

मेक्सिकोतील अझ्टेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेत या फुलाचे नाव 'सेंपोआलशोचित्ल' असे होते. 'सेंपोआल्ली' म्हणजे वीस आणि 'शोचित्ल' म्हणजे फूल. एका फुलात असंख्य पाकळ्या दिसतात म्हणून 'वीस फुलांचे फूल'. अझ्टेकांची गणना विसाच्या पटीत चालत असे, हे लक्षात घेतले म्हणजे या नावातील अर्थ अधिक उलगडतो.

१५२१ मध्ये अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान स्पॅनिश सैन्याच्या हाती पडली. त्यानंतर त्या लोकांची मंदिरे पाडली गेली आणि चित्रलिपीतील अनेक ग्रंथ जाळले गेले. पिढ्यान्पिढ्यांचे ज्ञान नाहीसे होण्याच्या त्या काळात, १५३६ मध्ये, त्लातेलोल्को येथे स्थानिक मुलांसाठी एक निवासी विद्यालय सुरू झाले. याच विद्यालयात १५५२ मध्ये मार्तिन दे ला क्रूझ या स्थानिक वैद्याने आपल्या लोकांच्या औषधी वनस्पतींची माहिती नाहुआत्ल भाषेत सांगितली आणि ह्वान बादियानो या दुसऱ्या स्थानिक विद्वानाने तिचे लॅटिनमध्ये भाषांतर केले. या सचित्र हस्तलिखितात झेंडूच्या औषधी उपयोगाची नोंद आहे. बादियानो हा शोचिमिल्को या गावचा. त्या गावाच्या नावाचा अर्थच 'फुलांच्या शेतांची जागा' असा होतो. हे हस्तलिखित पुढे युरोपात गेले आणि शतकानुशतके तेथेच राहिले. १९९० मध्ये ते व्हॅटिकनकडून मेक्सिकोला परत मिळाले.

जिंकल्या गेलेल्या समाजाचे ज्ञान जे थोडेफार टिकले, ते लिहिता येऊ लागलेल्या त्याच्याच मुलांमुळे टिकले. निवासी शाळेत शिकलेल्या प्रत्येक वाचकाने हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

फूल मात्र युरोपात पोचताच त्याचे नाव बदलले. मोठ्या फुलाच्या जातीस 'आफ्रिकन' आणि लहान फुलाच्या जातीस 'फ्रेंच' म्हटले जाऊ लागले. पहिली जात उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून युरोपात आल्यामुळे तिला ते नाव मिळाले असे मानतात. वस्तुतः दोन्ही मेक्सिकोच्याच. १७५३ मध्ये लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने त्यांना 'टॅजेटिस' या वंशनावाखाली नोंदविले. हे नाव प्राचीन इटलीतील एट्रुस्कन लोकांच्या टॅजेस नामक देवतेवरून आले आहे. इंग्रजीतील 'मॅरिगोल्ड' हा शब्द तर मुळात कॅलेंड्युला या वेगळ्याच फुलाचा. अशा रीतीने आफ्रिका, फ्रान्स, इटली आणि इंग्लंड या सर्वांची नावे या फुलाला चिकटली. ज्यांनी ते शेकडो वर्षे जोपासले त्यांचे नाव मात्र जगाच्या बाजारात उरले नाही. मेक्सिकोतील सामान्य लोकांनी ते जपले आहे. १ आणि २ नोव्हेंबरला ते आपल्या मृत आप्तांचे स्मरण करतात, तेव्हा याच फुलांच्या पाकळ्यांनी वाट सजवितात आणि फुलाला त्याच्या जुन्या नावाने हाक मारतात.

आपल्याकडे लोकांनी त्याला रूपावरून नावे दिली. हिंदीत चेंडूसारखा म्हणून 'गेंदा', कन्नडमध्ये 'चेंडू हूवु', मराठीत 'झेंडू' आणि बोलीत 'गोंडा'.

३. फुलाची रचना

झेंडू हा सूर्यफूल, शेवंती आणि करडई यांच्या कुळातील आहे. आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो वस्तुतः अनेक लहान फुलांचा एकत्र गुच्छ असतो. कडेची, पाकळीसारखी दिसणारी प्रत्येक पट्टी हे एक स्वतंत्र फुलच असते; मध्यभागी नळीच्या आकाराची बारीक फुले असतात. अझ्टेकांनी दिलेले 'वीस फुलांचे फूल' हे नाव शास्त्राच्या दृष्टीनेही किती अचूक होते, हे यावरून कळते. पाकळी उपटली असता तिच्या तळाशी काळसर, सुईसारखे जे निघते ते बी. एका चांगल्या वाळलेल्या फुलातून पुष्कळ रोपे तयार होऊ शकतात.

४. घरच्या घरी लागवड

जागा आणि माती : झेंडूला दिवसाकाठी किमान सहा तास ऊन लागते. सावलीत रोप उंच आणि लुसलुशीत होते, पण फुलत नाही. अंगण नसेल तर गच्ची, खिडकीची जाळी किंवा दारापुढील पायरीही पुरते. मोठ्या जातीसाठी दहा-बारा इंच तोंडाची कुंडी, लहान जातीसाठी सहा-आठ इंचांची कुंडी घ्यावी. कुंडीच हवी असेही नाही. तेलाचा डबा, फुटकी बादली, सिमेंटची रिकामी गोणी यांपैकी काहीही चालते. तळाला पाणी निघून जाण्यासाठी भोके मात्र हवीत. दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट आणि माती चिकण असल्यास एक भाग वाळू, हे मिश्रण योग्य ठरते.

वाण : मोठ्या फुलांत दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे 'पुसा नारंगी गेंदा' आणि 'पुसा बसंती गेंदा' हे वाण प्रसिद्ध आहेत, लहान फुलांत 'पुसा अर्पिता'. दुकानात मिळणारे महाग बियाणे बहुधा संकरित असते. त्याची फुले एकसारखी व भरदार येतात, परंतु त्यापासून धरलेल्या बियांना पुढील वर्षी तशीच फुले येतील याची खात्री नसते. ज्यास दरवर्षी बियाणे विकत घ्यावयाचे नाही, त्याने सुधारित किंवा गावठी वाण निवडावा.

पेरणी : पसरट ट्रे किंवा खोक्यात बारीक माती भरून बी अर्ध्या ते एक सेंटिमीटर खोलीवर पेरावे आणि झारीने हलके पाणी द्यावे. चार ते सात दिवसांत उगवण होते. रोपे दाट झाल्यास आणि माती सतत ओली राहिल्यास ती जमिनीलगत कुजून कोलमडतात. म्हणून पेरणी विरळ करावी. साधारण चार आठवड्यांनी, चार-पाच पाने आली की, संध्याकाळच्या वेळी रोपे कायम जागी लावावीत. जमिनीत मोठ्या जातीच्या दोन रोपांत दीड फूट आणि लहान जातीच्या रोपांत पाऊण ते एक फूट अंतर ठेवावे. एका कुंडीत मोठ्या जातीचे एकच रोप लावावे.

शेंडा खुडणे : लागणीनंतर सुमारे तीन आठवड्यांनी, रोप वीतभर झाले की, त्याचा शेंडा खुडावा. वरची वाढ थांबते, बाजूच्या फांद्या फुटतात आणि फुलांची संख्या वाढते. रोपाची इजा करण्यास नवखा माणूस कचरतो, परंतु न खुडलेल्या रोपाला बाजूच्या फांद्या उशिरा व कमी फुटतात. खुडलेला शेंडाही फेकू नये. तीन-चार इंचांचा शेंडा, खालची पाने काढून, ओल्या वाळूत सावलीला खोवला तर साधारण दोन आठवड्यांत त्याला मुळे फुटतात. एका रोपाची दोन रोपे होतात, तीही पैसा न खर्च करता.

पाणी आणि खत : पाणी सकाळी, बुंध्याशी द्यावे, पाने व फुले भिजवू नयेत. बोट मातीत घालून पाहावे आणि वरचा थर कोरडा लागला तरच पाणी द्यावे. खताच्या बाबतीत अधिकाचा मोह टाळावा. युरियासारखे नत्रयुक्त खत जास्त झाले की पाने गर्द हिरवी होतात आणि फुले लांबतात. महिन्यातून एकदा मूठभर कंपोस्ट घरगुती रोपास पुरेसे होते. सुकलेली फुले वेळोवेळी काढावीत. बी तयार झाले की रोप आपले काम संपले असे समजते. फुले काढत राहिल्यास ते फुलत राहते.

५. दसऱ्याचे गणित

सणाला घरची फुले हवी असतील तर मोजणी उलट्या दिशेने करावी लागते. रोपवाटिकेचे २८ दिवस, लागणीपासून फुलापर्यंतचे सुमारे ६७ दिवस, आणि शेंडा खुडल्यामुळे बहर लांबतो त्याचे सुमारे १० दिवस, असे एकूण १०५ दिवस होतात. दसरा २० ऑक्टोबरला आला असे धरल्यास मागे मोजून पेरणीची तारीख ७ जुलै येते. हवामान आणि वाण यांनुसार आठवडाभराचा फरक पडतो. म्हणून सर्व बी एकाच दिवशी न पेरता आठ-आठ दिवसांच्या अंतराने तीन वेळा पेरावे.

मोठ्या जातीचा झेंडू लहान होत जाणाऱ्या दिवसांत लवकर फुलतो. पावसाळी पेरणीचे रोप दसरा-दिवाळीच्या सुमारास ऐन बहरात येते, याचे हे एक कारण आहे. लहान जातीस दिवसाच्या लांबीचे एवढे बंधन नसते.

हेच गणित बाजारालाही लागू आहे. सारे शेतकरी एकाच दिवसावर डोळा ठेवून फुले आणतात. माल जास्त झाला की भाव कोसळतो आणि संध्याकाळी न विकलेले ढीग रस्त्यावर टाकून शेतकरी रिकाम्या हाताने परततो. ज्या स्त्रिया रात्रभर जागून हार ओवतात, त्यांच्या मजुरीचाही विचार घासाघीस करताना आपल्या मनात यावा. ज्याने एक रोप स्वतः वाढविले आहे, तो फुलाचे मोल अधिक जाणतो.

६. कीड, रोग आणि एक प्रचलित समज

कोरड्या हवेत पानांच्या मागे लाल कोळी बसतो. पाने फिकट, ठिपकेदार होतात आणि बारीक जाळी दिसते. मावा आणि फुलकिडे यांचाही उपद्रव होतो. पावसाळ्यात पानांवर तपकिरी ठिपके पडतात, हिवाळ्यात भुरी येते. रोगट पाने काढून टाकणे, रोपांत हवा खेळती ठेवणे आणि पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या मागील बाजूस मारणे हे पहिले उपाय. हा फवारा सकाळी उन्हात मारावा, म्हणजे पाने लवकर सुकतात. किडीसाठी ५० ग्रॅम निंबोळी पावडर एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, संध्याकाळी फवारावी.

'झेंडू लावला की बागेत कीड येत नाही' असे सर्रास सांगितले जाते. या विधानातील खरे आणि अतिशयोक्त वेगळे केले पाहिजे. झेंडूच्या मुळांत असणारे एक द्रव्य मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना मारक आहे, हे सिद्ध झाले आहे. परंतु त्यासाठी त्या जागेत झेंडूचे दाट पीक दोन-तीन महिने घ्यावे लागते. वांग्याच्या वाफ्याच्या कोपऱ्यात एक रोप लावून तो परिणाम मिळत नाही. टोमॅटोवरील फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूच्या कळ्यांवर अंडी घालणे पसंत करतो, हेही खरे आहे. म्हणून बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने टोमॅटोच्या दर १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ लावण्याची शिफारस केली. त्यात टोमॅटोची रोपे २५ दिवसांची आणि झेंडूची ४५ दिवसांची घेतात, म्हणजे दोन्हींची फुले एकाच वेळी येतात. येथे झेंडू किडीला पळवून लावत नाही. तो तिला स्वतःकडे बोलावतो. त्यावरील अंडी व अळ्या वेचून नष्ट केल्या नाहीत तर लाभाऐवजी हानी होईल. कोणतेही विधान ऐकले की 'किती, कसे, कोणत्या अटीवर' हे विचारण्याची सवय बागेतही उपयोगी पडते ती अशी.

७. बी धरणे आणि फुलांचा शेवट

बियाण्यासाठी सर्वांत निरोगी रोप निवडून त्याला दोरा बांधावा व त्यावरील काही उत्तम फुले तोडू नयेत. फुलाखालचा देठ तपकिरी व कोरडा झाला की फूल खुडून सावलीत वाळवावे. पोकळ, पांढुरकी बिये टाकून काळी, टणक बिये कागदी पुडीत भरून, पुडीवर वाणाचे नाव व तारीख लिहून कोरड्या डब्यात ठेवावीत. पुढील हंगामापर्यंत ती चांगली उगवतात. शेजाऱ्याला चिमूटभर बी देता आले, तर ती सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ भेट ठरते.

हार उतरल्यावर फुले नदीत किंवा तळ्यात सोडू नयेत. दोरा आणि प्लास्टिक काढून ती कंपोस्टच्या खड्ड्यात घालावीत. सुकलेल्या पाकळ्या पाण्यात उकळून, तुरटीत भिजवून घेतलेले सुती कापड त्यात बुडविल्यास सुंदर पिवळा रंग चढतो. झेंडूतील ल्युटीन नावाचे रंगद्रव्य कोंबड्यांच्या खाद्यातही वापरले जाते. त्यामुळे अंड्यातील बलक गडद पिवळा होतो.

८. विद्यार्थ्यांसाठी कृती

(अ) एका डब्यात दोन रोपे लावा. एकाचा शेंडा खुडा, दुसऱ्याचा खुडू नका. प्रत्येकाची फुले मोजून तक्ता करा.
(आ) यंदाच्या दसऱ्याची तारीख घेऊन पेरणीची तारीख काढा आणि प्रत्यक्ष पहिले फूल कधी उमलले ते नोंदवा. फरक पडल्यास त्याची कारणे लिहा.
(इ) एक फूल सोडवून त्यातील कडेच्या व मधल्या फुलांची संख्या मोजा. काम झाल्यावर हात धुवा. काहींच्या त्वचेला या रोपाचा रस झोंबतो.
(ई) आपल्या स्वयंपाकघरातील दहा पदार्थांची यादी करून त्यांतील कोणते १५०० नंतर भारतात आले ते शोधा.
(उ) घरातील वडीलधाऱ्यांना विचारा : त्यांच्या लहानपणी फुले कोण पिकवीत असे, कोण ओवीत असे, कोण विकत असे? ऐकलेले त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा.

शेवटची कृती सर्वांत महत्त्वाची आहे. आपल्या आजी-आजोबांपैकी अनेकांनी दुसऱ्यांच्या मळ्यात राबून बागा फुलविल्या. स्वतःच्या दारात रोप लावायला त्यांच्याजवळ जागा नव्हती आणि जे त्यांना ठाऊक होते ते लिहून ठेवायला अक्षर नव्हते. आज आपल्यापाशी अक्षर आहे, आणि जागा एका डब्याएवढी असली तरी पुरते. येत्या पावसाळ्यात या शाळेच्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याच्या घरी झेंडूचे एक रोप असावे आणि त्या रोपाची एक नोंदवही असावी. फुले दोन महिन्यांत सुकतील, नोंद मात्र पुढच्या पिढीच्या हाती राहील.